फोनवरचा कॅरम: बोर्ड तोच दिसतो, खेळ तो नाही

कॅरमचे जेवढे गेम फोनवर आणि टॅबवर मिळाले तेवढे गेल्या काही महिन्यांत उतरवून खेळून बघितले, त्यातला एक तर पैसे मोजून घेतला, आणि आता सविस्तर लिहितोय कारण स्टोअरवरचे रिव्ह्यू वाचून काही म्हणजे काही कळत नाही. एकतर 'मस्त गेम, टाइमपास' नाहीतर 'चोर आहेत, डाऊनलोड करू नका', मधलं कोणी लिहीतच नाही. गेमचं नाव देत नाही, कारण तक्रार त्या एकट्याची नाही, निम्मे गेम आतून एकच आहेत, फक्त वरचं चित्र आणि आयकॉन वेगळा, दोन-तीन लागोपाठ खेळलात की तुमच्याही लक्षात येईल. पुढे लुडो आणि व्यापारचंही थोडं लिहिलंय, पण मुख्य विषय कॅरमच, कारण तो मी मंडळाच्या खोलीत लहानपणापासून खेळतोय आणि अजूनही ऑफिसवरून आलो की दोन बोर्ड (म्हणजे दोन डाव) खेळल्याशिवाय घरी जात नाही.

आधी चांगलं ते सांगतो. पैसे देऊन घेतलेला गेम दिसायला एक नंबर आहे. लाकडाच्या रेषा, फ्रेमवर पडलेला उजेड, पॉकेटची जाळी, सोंगट्यांवरच्या गोल खाचा, सगळं इतकं बारकाईने काढलंय की स्क्रीनशॉट कोणाला दाखवला तर फोटोच वाटेल. बेसलाइन दुहेरी आहे, तिच्या दोन्ही टोकांना लाल गोल आहेत, बाण बरोबर कोपऱ्याकडे जातायत. म्हणजे ज्याने चित्र काढलं त्याने खरा बोर्ड समोर ठेवून काढलंय, त्याला पैकीच्या पैकी मार्क. आवाजही ओळखीचा आहे, सोंगटी पॉकेटात पडल्याचा तो 'टक' अगदी खरा वाटतो. पण सगळी मेहनत चित्रावरच झालीये, हे पहिला स्ट्रोक मारला की कळतं.

खऱ्या बोर्डावर बोरिक पावडर भुरभुरली की सोंगटी सुळकन जाते आणि शेवटी टचकन थांबते. घर्षण साधारण सारखंच असतं, त्यामुळे वेग एका चालीने कमी होत जातो, आणि त्याचा हिशोब असा होतो की वेग दुप्पट केला तर सोंगटी चौपट लांब जाते. हे गणित कोणी शिकवत नाही पण खेळून खेळून बोटांना ते बरोबर माहीत होतं, म्हणून तर दोन काळ्यांच्या मधून आपली पांढरी हलक्या हाताने नेऊन पॉकेटच्या तोंडाशी लावता येते. फोनवरचे बरेच गेम तयार फिजिक्स इंजिन, म्हणजे टक्कर, वेग, उसळी यांचा हिशोब करणारा आयता कोड, वापरून बनवतात, बॉक्सटूडी नावाचं एक इंजिन २००७ पासून फुकट मिळतंय आणि गेम बनवायचं युनिटी म्हणून सॉफ्टवेअर आहे त्याचं टूडी फिजिक्सही आतून त्याच्यावरच चालतं. इंजिनाचा दोष अजिबात नाही, ते उत्तम आहे. पण बोर्ड वरून बघायचा असेल तर पृष्ठभागाचं घर्षण त्यात आपोआप लागू होत नाही, ते वेगळं जोडायला लागतं. तेवढे कष्ट घ्यायचे नसले की 'डॅम्पिंग' म्हणून एक आकडा असतो तो वाढवून ठेवायचा आणि काम झालं म्हणायचं. डॅम्पिंगमध्ये काय होतं, वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, म्हणजे जोरात मारलेला स्ट्रायकर सुरुवातीलाच मार खातो, आणि उलट शेवटी शेवटी सोंगटी थांबता थांबत नाही, रांगत रांगत पुढे जाते, आपण नुसतं बघत बसायचं. वेग दुप्पट केला तर अंतरही फक्त दुप्पट. एवढ्या एका गोष्टीने कॅरमचा जीवच जातो हो, कारण हा खेळ नेमाचा जेवढा आहे तेवढाच जोराच्या अंदाजाचा आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांत बोर्डाच्या गुळगुळीतपणाचीसुद्धा परीक्षा दिलेली आहे, १५ ग्रॅमचा स्ट्रायकर जोरात मारला तर त्याने बोर्डावर इकडून तिकडे किमान साडेतीन फेऱ्या मारल्या पाहिजेत. या गेममध्ये मोकळ्या बोर्डावर जोराचा मीटर फुल करून समोर सरळ मारला, तर स्ट्रायकर समोरच्या फ्रेमला लागून परत येतो आणि माझ्याकडच्या बेसलाइनच्या आसपास लोळत थांबतो. दोनसुद्धा नाहीत! आमच्या मंडळातला, पावसाळ्यात दमट झालेला, मधे पोचा आलेला जुना बोर्डसुद्धा याच्यापेक्षा जास्त पळतो.

रिबाउंडची रड वेगळीच. बॉक्सटूडीत मुळातच एक मर्यादा घालून दिलेली असते, सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वेगाने टक्कर झाली तर उसळी धरायचीच नाही, कारण नाहीतर एकावर एक रचलेले डबे थरथरत राहतात. डबे पाडायच्या गेमसाठी ते बरोबरच आहे. पण कॅरममधले निम्मे चांगले स्ट्रोक त्याहून हळू असतात, फ्रेमला अलगद टेकवून सोंगटी बाहेर काढायची, स्वतःच्या बेसलाइनमागे अडकलेली पांढरी समोरच्या फ्रेमवरून स्ट्रायकर परत आणून मारायची, हे सगळं त्या मर्यादेखाली जातं. हा आकडा बदलता येतो, एका ओळीचं काम आहे. तो बदलला नाही की सोंगटी फ्रेमला लागते आणि उसळायच्या ऐवजी तिथंच चिकटून कडेकडेने घसरत जाते, आणि या गेममध्ये हुबेहूब हेच होतं. एकदा का तीन-चार सोंगट्या कडेला लागल्या की त्यांना हलवताच येत नाही आणि बोर्ड संपता संपत नाही.

आता वजन. हे मला सगळ्यात जास्त खटकलं आणि याच्याबद्दल कोणी बोलताना दिसत नाही. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅम, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅम, म्हणजे साधारण तिपटीचा फरक. त्यामुळे सरळ समोरासमोर धडक दिली तरी स्ट्रायकर थांबत नाही, सोंगटी पुढे जाते आणि स्ट्रायकर तिच्या मागोमाग चालत राहतो. पॉकेटच्या तोंडावर अगदी सोपी, सरळ सोंगटी असली तरी जाणता खेळाडू सरळ मारत नाही, जरा कट देतो नाहीतर जोर मोजून मारतो, कारण सरळ मारलं की सोंगटीमागून स्ट्रायकरही आत आणि मग ड्यू, म्हणजे दंड म्हणून आपली काढलेली एक सोंगटी परत बोर्डावर. नवीन पोरांचे सगळ्यात जास्त ड्यू याच सोप्या सोंगट्यांवर होतात. गेममध्ये स्ट्रायकर आणि सोंगटी दोघांचं वजन बहुतेक सारखंच धरलंय, सरळ धडक दिली की स्ट्रायकर जागच्या जागी ठप्प उभा राहतो आणि सोंगटी त्याचा सगळा वेग घेऊन निघून जाते. हे बिलियर्डच्या चेंडूंचं वागणं आहे, तिथे चेंडू एका वजनाचे असतात म्हणून. सोपी सोंगटी अवघड करणारी जी गोष्ट होती तीच काढून टाकली, मग काय राहिलं? लाकडी रंगाचं पूल टेबल.

पॉकेटचंही तसंच. खरं पॉकेट ४४.५ मिलिमीटरचं, स्ट्रायकर ४१.३ पर्यंत चालतो आणि सोंगटी जास्तीत जास्त ३१.८, म्हणजे सोंगटीला आत जायला जागा आहे पण ओठावर आपटून बाहेर यायचा धोकाही आहे. गेममध्ये सोंगटी पॉकेटच्या जवळून नुसती गेली तरी आत ओढली जाते, चुंबक लावल्यासारखी. नवख्याला बरं वाटावं म्हणून केलं असेल, पण पहिल्या संध्याकाळी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो.

आणि जाडी नावाची गोष्टच नाही. खऱ्या सोंगटीला ७ ते ९ मिलिमीटर जाडी असते. ब्रेकला घट्ट गोळा फुटतो तेव्हा एखादी सोंगटी दुसरीच्या पाठीवर चढून बसते, एखादी कडेवर उभी राहते, एखादी उडून कोणाच्या मांडीवर. नियमांत या प्रत्येकाची सोय आहे, बोर्डाबाहेर गेलेली सोंगटी मधल्या गोलात परत ठेवायची, चढून बसलेली किंवा उभी राहिलेली तशीच राहू द्यायची. असल्या सोंगटीभोवती जो खल चालतो, डोकी एकत्र येतात, कोणीतरी खाली वाकून एका डोळ्याने बघतो, ते फोनवर आणा असं माझं म्हणणं नाही, पण सोंगट्या नुसत्या सपाट गोल चकत्या म्हणून फिरवल्या की ब्रेक दर वेळी जवळजवळ सारखाच फुटतो. मी ओळीने ब्रेक मारून बघितले, स्ट्रायकर तिथंच ठेवून आणि मीटर तेवढंच ओढून, तर त्याच दोन सोंगट्या त्याच दोन पॉकेटकडे गेल्या. हे एकदा कळलं की समोरच्याला हात लावायला न देता अर्धा बोर्ड साफ करता येतो. स्पर्धेत ब्रेक मारणाऱ्याने पहिल्याच पाळीत सगळ्या पांढऱ्या आणि लाल क्वीन काढली तर त्याला व्हाइट स्लॅम म्हणतात, ज्याने तो मारला त्याचं नाव मंडळात वर्षभर निघतं. इथे तो पाठ करून मारता येतो.

मग ती नेमाची रेषा. स्ट्रायकर कुठे जाणार, कोणत्या सोंगटीला कुठे लागणार, ती सोंगटी पुढे कुठे जाणार, सगळं पांढऱ्या ठिपक्यांनी आधीच दाखवतात. शिकणाऱ्यासाठी ठीक आहे, पहिले चार दिवस दाखवा, पण बंद करायचं बटण तरी द्या! सेटिंगमध्ये शोध शोध शोधलं, आवाज बंद करता येतो, व्हायब्रेशन बंद करता येतं, रेषा नाही. कारण रेषा हा त्यांचा माल आहे. फुकटच्या स्ट्रायकरची रेषा आखूड, विकतच्याची लांब, आणि त्याहून महागड्याचा जोरही जास्त. म्हणजे दोघे समोरासमोर बसलेत आणि एकाचा स्ट्रायकर खरेदी करून ताकदवान झालाय. खऱ्या खेळात १५ ग्रॅमच्या वर स्ट्रायकर चालतच नाही, धातूचा चालत नाही, आणि त्याचं कारण हेच की हाताचं कसब बघायचंय, खिसा नाही. चाळीतल्या पोराने दीडशे रुपयांच्या स्ट्रायकरने समोरच्या बड्याला हरवावं आणि कोणाला त्याचं आश्चर्यही वाटू नये, असा हा खेळ आहे. चेन्नईचे मारिया इरुदयम यांना १९९६ चा अर्जुन पुरस्कार याच खेळासाठी मिळाला, आपल्या मुंबईचा प्रशांत मोरे जगज्जेता झाला, तो याच बोर्डावर. त्या खेळात पैसे टाकून जोर विकत मिळतो हे बघून मला खरंच वाईट वाटलं.

नियमांकडे येतो, कारण फिजिक्स अवघड असतं हे मान्य, पण नियम तर छापलेले आहेत, इंटरनॅशनल कॅरम फेडरेशन १९८८ पासून आहे, पुस्तिका मिळते, वाचायची आणि कोडमध्ये घालायची एवढंच काम. तेही नाही. ड्यूचंच घ्या. स्ट्रायकर गेला की तुमची एक सोंगटी बाहेर येते, पण ती कुठे ठेवायची हे समोरचा ठरवतो, मोठ्या गोलात कुठेही. आणि तिथे खरा डाव असतो. तुमची सोंगटी तो अशी ठेवणार की ती त्याच्या वाटेत येणार नाही, तुमच्या दोन चांगल्या सोंगट्यांची वाट मात्र अडवेल, किंवा क्वीनला चिकटवून ठेवेल म्हणजे तुम्हाला क्वीन फोडतानाही विचार करावा लागेल. आमच्याकडे एक काका आहेत, वय झालंय, हात कापतो, जोर राहिला नाही, पण ड्यूची सोंगटी ठेवायला लागले की अख्खी खोली गप्प होते, दोन बोटांनी इकडे सरकव तिकडे सरकव करत अशी काही ठेवतात की समोरचा पोरगा पुढच्या तीन पाळ्या त्यातच अडकतो. गेममध्ये ड्यूची सोंगटी आपोआप मधोमध येऊन बसते. कोणी ठरवत नाही, कोणाला विचारत नाहीत. टचस्क्रीनवर बोटाने एक सोंगटी सरकवून ठेवायची, इतकं फोनला शोभणारं काम दुसरं कुठलं असेल, आणि नेमकं तेच गाळलंय.

क्वीनचं तर विचारूच नका. निदान एक आपली सोंगटी काढल्याशिवाय क्वीन घ्यायचा हक्क नाही, आणि घेतली की लगेच कव्हर पाहिजे, म्हणजे तिच्यापाठोपाठ आपली एक सोंगटी काढायची. या गेममध्ये ब्रेकलाच क्वीन घ्या, चालते, आणि कव्हर नाही झाली तरी एकदा चालूनच गेली, पुढच्या वेळी परत बाहेर आली, नियम त्यांचा त्यांनाच पक्का नाही. गुणही गायब. खरा गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, क्वीनचे ३ गुण, आणि २२ गुणांवर पोचलेल्याला मग क्वीनचे गुण मिळत नाहीत, त्यामुळे पुढे असलेला आणि मागे असलेला दोघं वेगवेगळ्या पद्धतीने खेळतात, मागचा क्वीनच्या मागे धावतो, पुढचा ती अडवून ठेवतो. इथे एक बोर्ड, जिंकला की नाणी, हरला की जाहिरात. दर बोर्डानंतर जाहिरात, आणि विकत घेतलेल्या गेममध्येसुद्धा 'बक्षीस हवं असेल तर व्हिडिओ बघा' आहेच.

ऑनलाइनबद्दल एक गोष्ट दाखवतो, तुम्हीही करून बघा. समोरच्याचं नाव, फोटो, झेंडा सगळं दिसत होतं, मॅच चालू होती, मी मधेच फोन एअरप्लेन मोडवर टाकला. समोरचा खेळत राहिला. निवांत, त्याच चालीने, क्वीनसुद्धा घेतली त्याने. म्हणजे माणूस नव्हताच तिथे. बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळाडूशी, खेळायला माझी काहीच हरकत नाही, रात्री अकरा वाजता कोण मिळणार, पण बॉट आहे असं सांगा ना. झेंडा लावून माणूस म्हणून बसवणं ही फसवणूक आहे.

घरच्यांबरोबर खेळायची सोय तर इतकी अर्धवट केलीये की कीव येते. टॅब टेबलावर आडवा ठेवून समोरासमोर बसायचं, यासारखी छान गोष्ट नाही, बोर्डाची आठवण यावी अशी, पण दुसऱ्याच्या पाळीला बोर्ड फिरतच नाही. समोरच्याने एकतर उलटं बघून मारायचं नाहीतर दर पाळीला टॅब गोल फिरवायचा. माझी बहीण दोन बोर्ड खेळली आणि म्हणाली, दादा माळ्यावरचा खराच काढ. काढला.

आता कोणी म्हणेल फोनवर एवढंच होणार. नाही पटत. १९९५ मध्ये व्हर्च्युअल पूल नावाचा गेम आला होता, साध्या पीसीवर चालायचा, आणि त्यात चेंडूचं फिरणं, कुशनची उसळी इतकी जपून केली होती की पूल खेळणारी माणसं त्याच्यावर सराव करायची. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त फोनची ताकद त्या पीसीच्या कितीतरी पट आहे. बुद्धिबळाचं तर काय सांगायचं. १९८२ मध्ये सिंक्लेअर झेडएक्स८१ या छोट्या कॉम्प्युटरसाठी एकाने ६७२ बाइटमध्ये बुद्धिबळ बसवलं होतं, बाइट, किलोबाइट नाही, हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. त्यात कॅसलिंग नव्हतं, एन पासांट नव्हतं, प्यादं वजीर होत नव्हतं, पण ते गाळलं ते जागाच नव्हती म्हणून, आणि उरलेला खेळ प्रामाणिकपणे होता. आता दोनशे-तीनशे एमबीचा गेम उतरवायचा आणि त्यात ड्यू ठेवायची सोय नाही, याला जागेची अडचण म्हणता येत नाही. पैशाचंही कारण पूर्ण पटत नाही. लीचेस ही बुद्धिबळाची साइट २०१० पासून चालू आहे, फुकट, एकही जाहिरात नाही, लोकांच्या देणगीवर चालतं, आणि नियमात कुठे बोट ठेवायला जागा नाही. बुद्धिबळात फिजिक्स नसतं, त्यामुळे ते सोपं हे खरं, पण ते चांगलं झालं ते बनवणारे स्वतः खेळतात म्हणून.

लुडोवर थोडक्यात, कारण तिथे बिघडण्यासारखं कमी आहे. नवी मुंबईत बनलेलं लुडो किंग २०१६ मध्ये आलं आणि लॉकडाऊनमध्ये घराघरात चाललं, आमच्याकडे नागपूरची मावशी, पुण्याचे दोघं आणि मी असे रोज रात्री बसायचो, त्यामुळे फोनवरच्या लुडोला सरसकट नावं ठेवणार नाही. त्यानंतर जे ढिगाने निघाले त्यांच्याबद्दल बोलतोय. फासा 'सेट केलेला' असतो ही सगळ्यांची ठरलेली तक्रार, त्यात निम्मा आपल्या मनाचा खेळ असतो, कारण दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडणं हे शंभरात सोळा वेळा होणारच, ती काही लबाडी नाही. पण जो गेम विकतचे हिरे घेऊन फासा परत टाकू देतो, त्याच्या फाशावर विश्वास कसा ठेवायचा? तुम्हाला दोन पडला की ज्याला पैसे मिळतात तोच फासा टाकतोय! घरच्या पाटावर फासा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडतो, कपाटाखाली गेला तर परत टाकायचा, एवढाच वाद. दुसरं म्हणजे घरचे नियम. कोणाकडे एकावरही सोंगटी उघडते, कोणाकडे फक्त सहावर, कोणाकडे जोडी झाली की मागच्याची वाट बंद, कोणाकडे तीन सहा आले की पाळी बाद. सारीपाटापासून हे असंच घरोघरी बदलत आलंय. सेटिंगमध्ये चार टिकमार्क दिले की झालं असतं, पण मी बघितलेल्या गेमपैकी बहुतेकांत बोर्डाचे रंग बदलायचे बारा प्रकार आणि नियमाचा प्रकार एकच.

व्यापारचं, म्हणजे मोनोपोलीच्या वळणाचे जे गेम आहेत त्यांचं, दोन ओळींत सांगतो. त्या खेळात मजा घासाघीशीची, 'दादर दे, वर पाचशे देतो, पुढच्या दोन वेळा भाडं घेणार नाही' वगैरे. गेममध्ये सौद्याला फक्त 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं आहेत. आणि जागा कोणी घेतली नाही तर ती लिलावात निघते हा मूळ नियम आहे, तो बहुतेकांनी सरळ काढून टाकलाय, त्यामुळे डाव लांबत जातो आणि शेवटी सगळे 'ऑटो' बटण दाबून बसतात. हे घेऊच नका.

पैसे लावून खेळायच्या ॲपबद्दल वेगळं लिहायची गरज आता उरली नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि त्यात पैशाचे गेम बंद केले, लुडो आणि कॅरमच्या नावाखाली चाललेलेही त्यातच आले. पण त्यांच्या सवयी मागे राहिल्यात, ती नाणी, ते टेबलाचे दर, हरलात तर दुप्पट लावा असं सुचवणारी ती पिवळी पाटी, फक्त आता नाणी खोटी आहेत. लहान पोरांच्या हातात देताना हे बघून द्या, माझ्या भाच्याला कॅरममध्ये क्वीन किती गुणांची ते माहीत नाही पण 'हाय स्टेक टेबल' माहीत आहे, आणि तो नऊ वर्षांचा आहे.

तर मार्क. विकत घेतलेल्या कॅरमला पाचात दीड, तो दीडही चित्र काढणाऱ्याचा. फुकटच्यांपैकी एक त्यातल्या त्यात बरा निघाला, तिथे निदान स्ट्रायकर सगळ्यांचा सारखा आहे आणि ऑफलाइन दोघांना खेळता येतं, त्याला अडीच. लुडो घरच्यांशी गप्पा मारायला म्हणून तीन. व्यापारला एक.

तरीही कोणाला घ्यायचाच असेल तर एक करा. गुगल प्लेवर गेम विकत घेतला तर ४८ तासांच्या आत पैसे परत मागता येतात, त्यामुळे घेतल्या घेतल्या लेव्हल चढवत बसू नका, आधी ऑफलाइन सराव उघडा. मोकळ्या बोर्डावर स्ट्रायकर पूर्ण जोरात मारा आणि फेऱ्या मोजा. पॉकेटसमोरच्या सोंगटीला सरळ धडक द्या, स्ट्रायकर मागोमाग जातो की ठप्प होतो ते बघा. सोंगटी हळूच फ्रेमला लावा, परत येते की चिकटते ते बघा. मग मुद्दाम स्ट्रायकर पॉकेटात घाला आणि ड्यूची सोंगटी कोण कुठे ठेवतं ते बघा. चहा होईपर्यंत हे सगळं बघून होतं, आणि यातल्या दोन गोष्टी जरी चुकल्या तरी रिफंडचं बटण दाबा, मला पैसे दुसऱ्या दिवशी परत आले. जर कोणाला या चारही गोष्टी बरोबर करणारा कॅरम सापडला असेल तर नाव नक्की कळवा, मी आजच विकत घेतो.